साक्षीचा पेला

गारठ्याची शपथ म्हणजे बर्फाची लादी. थंडीत दगड, उन्हाळ्यात पाणी.

असं त्याचा मेहुणा म्हणायचा. मेहुण्याला खोटं पाडायला गारठ्याजवळ पुरावा काहीच नव्हता. हवा गार असेपर्यंत तो दारूला शिवतसुद्धा नसे. वासानं मळमळतं म्हणायचा, आणि ते खरंही असायचं. पण ऊन चढायला लागलं, डांबर चपलेला चिकटायला लागलं की याचा घसा जुन्या ओळखी काढायला लागे. मग एखाद्या दुपारी गडी टेम्पोच्या फळीवर गोणपाट पांघरून पडलेला सापडायचा आणि मागच्या लाद्या वितळून रस्त्याला ओहोळ लागलेला असायचा. सलग काही उन्हाळे हेच चाललं होतं.

गारठ्या बर्फाचा माणूस. कारखान्यातून लाद्या उचलायच्या आणि गिऱ्हाइकाच्या दारात उतरवायच्या, हा त्याचा धंदा. उभा जन्म गारठ्यात गेला म्हणून नाव गारठ्या पडलं, आणि ते इतकं पक्कं बसलं की सासूसुद्धा जावयाला गारठेराव म्हणे. टेम्पो मात्र बायको चालवायची. एका उन्हाळ्यात त्यानं टेम्पो सरळ न्हाव्याच्या दुकानात घातला होता. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी पळालं ते परत फिरकलं नाही. त्या दिवशी बायकोनं चावी काढून घेतली, गाडी शिकली, परवाना काढला आणि चावी गळ्यात दोऱ्याला अडकवली. शेजारणी आधी हसल्या. मग एकेकीला कपाट हलवायची, खाट हलवायची गरज पडली, तेव्हा सगळ्या वहिनी, वहिनी करत दारात आल्या.

आता कुणी म्हणेल, बर्फ वाहणाऱ्या माणसाचा आणि दारूचा संबंध काय? तर संबंध धंद्यातच होता.

बर्फ कसा होतो ते आधी सांगायला हवं. कारखान्यात मोठी टाकी असते, खाऱ्या पाण्याची. ते पाणी कितीही गार केलं तरी गोठत नाही. त्यात पत्र्याचे उंच डबे उभे सोडतात, डब्यात गोडं पाणी. बाहेरच्या खाऱ्या गारव्यानं आतलं गोडं पाणी गोठतं आणि त्याची लादी होते. डब्याला भोक पडलं किंवा वरून खारं पाणी आत उसळलं की लादी खारट होते. बारवाल्याला तर खारट बर्फ म्हणजे वैऱ्याहून वाईट. गिऱ्हाईक पेला तोंडाला लावतं, थुंकतं, पैसे न देता उठतं आणि बाहेर जाऊन चारचौघांत सांगतं.

म्हणून कधीतरी, कुणीतरी, साक्षीचा पेला सुरू केला. लादी दारात आली की तिचा कोपरा फोडायचा, तो तुकडा पेल्यात टाकायचा, वरून बारवाल्यानं दारू ओतायची, आणि बर्फवाल्यानं सगळ्यांदेखत पिऊन म्हणायचं, 'गोड आहे'. मगच माल आत. दारूच कशाला, पाण्यात का नाही, हे कुणी विचारलं नाही. दारूच्या दुकानात बसून माणसाला पाणी पाजायचं हे मालकाला कमीपणाचं वाटलं असेल. थंडीत बारवाले बर्फ घेतच नाहीत म्हटलं तरी चालेल. तेव्हा सगळा माल मासळीवाल्यांकडे आणि दवाखान्यात. पण उन्हाळा आला की आख्ख्या रस्त्यावर दर दोन दारांआड एक बार. दुपार होईतो गारठ्या साक्ष देऊन देऊन स्वतःच फितूर झालेला असे.

पिणं त्याच्या हिशेबी कामच होतं. पगारात धरलेलं.

या उन्हाळ्याच्या तोंडाशी बायकोनं टेम्पो धुता धुता, पाठमोरीच राहून सांगितलं, "या वेळी एकदा जरी वास आला ना, तर टेम्पो भावाच्या दारात लावीन आणि मी बहिणीकडे जाईन. भांडणार नाही, रडणार नाही. नुसती जाईन."

भांडली असती तर गारठ्याला उत्तर सापडलं असतं. रडली असती तर त्यानं शपथ घेतली असती. त्या 'नुसती'पुढे मात्र त्याची मती खुंटली. ही बाई नुसती गेली तर आपण नुसते उरू, हे त्याला भर उन्हात गोणपाट झटकताना कळलं आणि अंगावर सर्रकन काटा आला.

तेव्हापासून 'हा' सुरू झाला. प्रत्येक बारमध्ये माल टाकून आला की त्यानं टेम्पोच्या खिडकीशी जायचं, तोंड उघडायचं आणि बायकोच्या नाकासमोर मोठ्यानं 'हा' करायचं. ती हुंगायची, मान हलवायची, गाडी सुरू करायची. लवंग, वेलची, तंबाखू, आंबटगोड गोळ्या, सगळ्याला बंदी. वास झाकणारं काही तोंडात असलं तर वास आहे असंच धरलं जाईल, हा तिचा कायदा. सिग्नलला बाजूच्या गाडीतली माणसं डोळे फाडून बघायची. एकानं विचारलं, दातांची डॉक्टर आहे का. बायको म्हणाली, डॉक्टर नाही, मालकीण.

गारठ्यानंही युक्ती काढली. एका हातात लादी ओढायचा आकडा, दुसऱ्या हातात करवत. दोन्ही हात गुंतलेल्या माणसाला पेला धरता येत नाही. मग वेटर पेला त्याच्या ओठाशी न्यायला लागले तेव्हा यानं बर्फाचा मोठा खडा आधीच तोंडात धरून ठेवायला सुरुवात केली. गाल फुगलेला, हात भरलेले. आणि कोपऱ्याचा तुकडा चघळून बोबडं म्हणायचा, "गोल आहे." लोक खो खो हसायचे, पण माल उतरायचा.

यातून एक नवलच घडलं. इतकी वर्षं बर्फात काढून गारठ्यानं बर्फ कधी चाखलाच नव्हता. चाखली होती ती दारू. आता कोरड्या जिभेवर नुसता खडा ठेवला की त्याला काय काय कळायला लागलं. कुठल्या लादीला पत्र्याची चव आहे, कुठली काल दुपारची, कुठलीत नव्या नळाचं पाणी. लादीच्या पोटात पांढुरका गाभा असतो, पाण्यातली सगळी घाण गोठता गोठता तिथं ढकलली जाते, हे तो कारखान्यात यारीनं डबे उचलणाऱ्या यारीवाल्याकडून कधीतरी ऐकून होता. आता ते जिभेला पटलं. कोपरा गोड आणि गाभा किंचित कडू. त्याला इतकी मजा वाटली की रात्री जेवताना तो बायकोला लाद्यांच्या चवीच सांगत बसला. ती म्हणाली, माझ्या भाजीबद्दल कधी एवढं बोलला नाहीत.

असे दिवस जात होते. ऊन रोज टाळूवर बसत होतं आणि घसा रोज आठवण करून देत होता, पण गडी तगला होता. मग क्रिकेटच्या अंतिम सामन्याचा दिवस उजाडला.

सगळं गाव सकाळपासून झपाटलेलं. बारवाल्यांनी मोठे टीव्ही भाड्यानं आणलेले, खुर्च्या फुटपाथवर आलेल्या, आणि प्रत्येकाला बर्फ हवा दुपटीनं, तिपटीनं. कारखान्यातून टेम्पो काठोकाठ भरून निघाला. बायको हॉर्नवर हात ठेवूनच गाडी हाणत होती. मध्येच तिनं आरशात बघितलं आणि म्हणाली, आज मागून पाणी जास्त गळतंय, ताडपत्री नीट आवळली नाहीत का. गारठ्या म्हणाला, आवळली आहे, ऊनच तसलं आहे. पण ते पाणी त्याच्याही डोळ्यात सलून राहिलं.

पहिलं दार होतं शेटच्या बारचं, रस्त्यातलं सगळ्यांत मोठं. शेट म्हणजे बारचा मालक. माणूस वाईट नव्हता, पण घाबरट. पंखे गरगरत होते, टेबलं भरायला लागली होती आणि शेट कपाळाचा घाम पुसत दारातच उभा. कुणीतरी त्याच्या कानात घातलं होतं की काल पलीकडच्या बारमध्ये बर्फ खारट निघाला. गारठ्या आकड्यानं पहिली लादी ओढत, दुसऱ्या हातात करवत घेऊन, गाल फुगवून आत शिरला तसा शेटनं त्याला थांबवलं. ही नाटकं आज नको, म्हणाला. खडा थुंक, हत्यारं खाली ठेव. आज दुकान भरलेलं आहे, आज पद्धतीप्रमाणे साक्ष हवी. आणि त्यानं स्वतःच्या हातानं कोपऱ्याचा तुकडा पेल्यात टाकून वरून पेला भरला आणि टेबलावर ठेवला.

"पी आणि गोड आहे म्हण. नाहीतर सगळ्या लाद्या परत ने, आणि उद्यापासून येऊ नको."

टेबलांवरचे लोक वळून बघायला लागले. कुणीतरी टाळी वाजवली. कुणी म्हणालं, घे रे गारठ्या, वहिनी बाहेर आहे. पेल्याच्या अंगावर दव जमलेलं. एक थेंब सावकाश खाली ओघळला आणि गारठ्याच्या घशात काहीतरी तसंच सावकाश खाली गेलं. गर्दी, घाम, बाहेरून हॉर्नवर हॉर्न, आणि समोर एवढीशी गार गोष्ट. एक घोट. एवढं मोठं गिऱ्हाईक राखायला एक घोट. हात आपोआप उठायला लागला, आणि त्याच वेळी त्याला टेम्पोमागचं ते पाणी आठवलं.

चांगली लादी अशी रडत नाही. खारट लादी लवकर वितळते.

त्यानं पेल्याऐवजी करवत उचलली. लादी आडवी केली, अर्धी कापली, कमरेला खोचलेल्या टोच्यानं ठोकून दुभंगली आणि मधल्या पांढऱ्या गाभ्याचा खडा काढून जिभेवर ठेवला.  गारठ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण जिभेवर समुद्र होता.

आता बघा गंमत. समोरच्या पेल्यात पडला होता कोपरा, आणि कोपरा गोडच होता. पेला रिकामा करून 'गोड आहे' म्हटलं असतं तर ती साक्ष खोटी ठरली नसती. खारटपणा संध्याकाळी निघाला असता, गिऱ्हाइकांच्या तोंडात, आणि तोवर गारठ्या गोणपाटाखाली घोरत असता. मागच्या उन्हाळ्यांत असं कितीदा घडलं असेल, देव जाणे.

"खारट आहे," गारठ्या म्हणाला. "उतरवू नका."

शेट बघतच राहिला. साक्षीच्या पेल्याच्या सगळ्या इतिहासात कुठल्या बर्फवाल्यानं स्वतःच्या मालाविरुद्ध साक्ष दिली नव्हती. त्याला आधी संशय आला की हा न पिण्यासाठी बहाणा करतोय. त्यानं गाभ्याचा खडा स्वतः तोंडात टाकला, आणि थुंकायला भांडं शोधत तो गल्ल्यामागे पळाला.

नेमकी तेव्हाच बायको दारात आली. एवढा वेळ का लागतोय म्हणून उतरली होती. तिला काय दिसलं? नवरा टेबलाशी उभा, डोळ्यांत पाणी, हात रिकामे, समोर पेला आणि भोवती हसणारी माणसं. ती नुसती वळली.

ते 'नुसती' गारठ्यानं ओळखलं. आकडा हातात घेऊन तो धावत सुटला, पण टेम्पो निघाला होता. गारठ्या मागे. अर्धा रस्ता दुकानांच्या दारात येऊन बघायला लागला. आकडा उगारून टेम्पोमागे धावणारा माणूस बघून भाजीवालीला वाटलं चोर पळतोय, तिनंही चार पावलं पळून घेतलं. गारठ्यानं मागच्या फळीला आकडा अडकवला, लोंबकळला, चप्पल गेली, पण वर चढला. टेम्पो न थांबता मेहुण्याच्या घराच्या रस्त्याला लागला. तो लाद्यांवरून सरपटत पुढं गेला आणि पाठची जाळी बडवून ओरडला, खारट आहे, खारट आहे. पुढून उत्तर नाही. दारुड्याच्या बडबडीला कोण उत्तर देतं?

शेवटी सिग्नल लागला. गारठ्यानं उडी टाकली, एका पायात चप्पल नि एक पाय तापल्या डांबरावर, असा नाचत खिडकीशी आला आणि सगळं पोट रिकामं करून तिच्या नाकाशी 'हा' केलं.

बायकोनं हुंगलं. पुन्हा करायला लावलं. पुन्हा हुंगलं. बाजूच्या मोटरसायकलवाल्यानंही मान पुढे केली.

"नुसता बर्फ," ती हळूच म्हणाली. मग तिचा चेहरा असा झाला, की रडावं की याच्या एक ठेवून द्यावी हे तिचं ठरेना. दिवा हिरवा झाला म्हणून दोन्ही राहिलं. तिनं दार उघडून त्याला आत ओढला आणि गाडी तिथल्या तिथं अशी फिरवली की मागच्या लाद्या खडखडल्या.

कारखान्यात यारीवाला सामन्याच्या आधी जेवून घेत होता. खारट म्हटल्याबरोबर त्याचा घास घशातच अडकला. मग त्यानं कबूल केलं. आधीचा सामना सुरू होत होता म्हणून त्यानं डब्यांची एक आख्खी ओळ टाकीत हळू सोडायची ती धाडकन सोडली होती. खारं पाणी उसळलं, ओंजळ-ओंजळ डब्यांत गेलं. ओंजळीनं काय होतंय, असं त्याला वाटलं होतं.

ओंजळीनंच झालं होतं. पण त्या ओळीतल्या लाद्या आता टेम्पोभर मिसळल्या होत्या, आणि बाहेरून सगळ्या सारख्याच पांढऱ्या. एकच मार्ग होता. प्रत्येक लादीच्या पोटात टोचा घालायचा, गाभ्याचा कण काढायचा आणि चाखायचा. यारीवाल्यानं दोन चाखल्या आणि सांगितलं, मला दोन्ही गारच लागतात. त्याला दूर उभं केलं. गारठ्या चाखत सुटला. खारी, बाजूला. गोडी, इकडे. गोडी. खारी. थोड्या वेळानं जीभ लाकूड झाली, काही कळेना. तेव्हा बायकोनं थर्मासमधलं गरम पाणी त्याच्या हातात दिलं, चूळ भरा म्हणाली, आणि टोचा स्वतः घेतला.

"भाजीत चिमूटभर मीठ जास्त पडलं तर मला वासानं कळतं. सरका."

मग दोघं आळीपाळीनं. एकानं चाखायचं, दुसऱ्यानं चूळ भरायची. कधी दोघांचं जमेना. ती म्हणे खारी, हा म्हणे गोडी. मग तिसरा खडा दोघं अर्धा अर्धा वाटून खायची आणि डोळे मिटून ठरवायची. तिच्या ओठांवर बर्फाचा चुरा लागला होता. गारठ्याला वाटलं, लग्नानंतर इतकं जवळ उभं राहून आपण एका ताटातलं कधी खाल्लं? आणि लगेच तिचा आवाज, बघत काय बसलात, पुढची फोडा.

खाऱ्या लाद्या मासळीवाल्याकडे गेल्या. माशांवर घालायला त्याला उलट बऱ्याच, तो खूश. गोड्या टेम्पोत परत चढल्या, कमी पडल्या त्या ताज्या काढून गाभा चाखून भरल्या, आणि टेम्पो सुटला. या वेळी हॉर्न गारठ्या तोंडानंही देत होता. चौकात गर्दी, सगळे खिडक्यांतून टीव्हीकडे बघत. बाजू द्या, बाजू द्या, बर्फ आहे, बर्फ आहे, असं ओरडत दोघं निघाली.

शेटच्या दारात पोचली तेव्हा आत खुर्च्या सरकत होत्या, सामना सुरू व्हायला आला होता. सगळ्यांनी ओरडून स्वागत केलं. त्यांना बर्फापेक्षा पुढं काय झालं ते ऐकायचं होतं. मघाचा पेला तसाच टेबलावर, आतला तुकडा केव्हाच विरलेला. शेटनं तो उचलला, गारठ्याकडे बघितलं आणि मोरीत ओतून टाकला. दुसरा पेला धुऊन आणला. गारठ्यानं लादी दुभंगली, गाभ्याचा खडा पेल्यात टाकला. शेटनं वरून साधं पाणी घातलं, आधी स्वतः एक घोट घेतला, मग पेला गारठ्यापुढे धरला.

"पाणीच लागतंय," शेट तक्रारीच्या सुरात म्हणाला.

"बर्फाला पाणीच लागायला पाहिजे, शेट," गारठ्या म्हणाला, आणि पेला एका दमात रिकामा केला. इतक्या वर्षांत त्या टेबलावर त्यानं घेतलेला तो पहिला पेला, ज्यानं तहान भागली. मग सगळ्यांकडे वळून, सवयीनं, पण या वेळी स्वच्छ आवाजात त्यानं साक्ष दिली. गोड आहे.

लाद्या भराभर उतरल्या. बाहेर ऊन उतरतीला लागलं होतं तरी टेम्पोच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. उन्हाळा अजून बराच उरला होता, हे गारठ्याला त्या पत्र्यानं बजावून सांगितलं. तो एका चपलेनं खिडकीशी आला, दोन्ही हात दारावर टेकले आणि रोजच्यासारखं तोंड उघडून उभा राहिला.

बायको पुढच्या रस्त्याकडे बघत होती. एक हात गळ्यातल्या रिकाम्या दोऱ्याशी चाळा करत होता, चावी गाडीला लावलेली, इंजिन सुरू.

गारठ्या तसाच उभा. घसा खाकरला. पुन्हा तोंड उघडलं.

"मिटा ते," ती मान न वळवता म्हणाली. "माशी जाईल आत. अजून सगळा रस्ता बाकी आहे, चढा लवकर, माल वितळतोय."